बोटांनी शिकलेला नाच

मंडळी, आज आम्ही तुम्हांला अलीसिया अलोन्सो या बाईंची हकिगत सांगणार आहोत. त्या क्यूबा देशाच्या. क्यूबा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रातलं एक बेट, उसाचा मुलूख. तिथं हवाना शहरात १९२० साली त्यांचा जन्म झाला.

बाई नाचत असत. नाच म्हटला की काही जण नाक मुरडतात. मुरडू द्या! हा नाच बॅले. त्यात बोलणं नाही. वाद्यं वाजतात आणि सारी गोष्ट अंगानं सांगायची. बाया पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभ्या राहतात. बुटाचं टोक कापडाचे थर चिकटवून कडक केलेलं असतं, तरी भार बोटांवरच. वर्षानुवर्षं रोज सराव केला तरच ते जमतं.

अलीसियाबाई तरुणपणीच न्यूयॉर्कला गेल्या. तिथं नाव होऊ लागलं, आणि १९४१ च्या सुमारास दिसेनासं होऊ लागलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्यावर उजेड पडतो म्हणून आपल्याला दिसतं. तो पडदाच सुटला होता. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, निपचित पडून राहा. मान हलवू नका, हसू नका, रडूही नका. वय अवघं वीस-एकवीस! नाचणाऱ्या बाईला यापरती शिक्षा कोणती?

'जिझेल' नावाचा एक जुना बॅले आहे. खेड्यातल्या एका पोरीला एक सरदार वेश पालटून भुलवतो. ती दुःखानं वेडी होते, मरते. ही भूमिका फार अवघड. बाईंचे पती फर्नांदो, तेही नर्तकच, उशाशी बसून शिकवीत. पायांची पावलं बाई हाताच्या बोटांनी चादरीवर टाकीत. दोन बोटं म्हणजे दोन पाय. असा तो नाच पाठ झाला. डोळ्यांवर पट्टी, अन् पाय जागच्या जागी!

२ नोव्हेंबर १९४३. न्यूयॉर्कला जिझेल करणारी नामांकित नर्तकी आजारी पडली. तिच्या जागी अलीसियाबाई उभ्या राहिल्या. तेव्हापासून जिझेल म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेऊ लागले.

नजर मात्र पुरती परत आली नाही. रंगमंचावर ठरावीक जागी झगझगीत रंगीत दिवे लावीत. त्या खुणेनं त्या दिशा ओळखत. जोडीदारानं कुठं उभं राहायचं ते नेमकं ठरलेलं असे. आम्हांला वाटतं, त्या जोडीदारांचं अन् दिवेवाल्यांचंही कौतुक व्हायला हवं.

१९४८ साली त्यांनी हवानात स्वतःची नाचमंडळी काढली. १९५९ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारनं पैसा दिला. मग हा नाच कामगारांपुढं, शेतकऱ्यांपुढं गेला. गरिबांची पोरं फीवाचून तो शिकू लागली.

तक्रारीही होत्या. सगळी सूत्रं बाई स्वतःच्याच हाती ठेवतात, तरुणांना पुढं येऊ देत नाहीत, असं लोक म्हणत. कित्येक चांगले नर्तक देश सोडून गेले. बाई काही हटल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावरही नाचल्या. १७ ऑक्टोबर २०१९ ला हवानात वारल्या, तेव्हा वय ९८ होतं.