कण्याला लागलं तर
पाठ धरली की आपण अंथरूण धरतो. तिथंच चुकतं. साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. झेपेल तेवढं हिंडत राहावं. मात्र पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कण्यातला मज्जारज्जूच दुखावला, तर लढाई लांबते. पुण्यातल्या खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात असे जखमी जवान राहतात. बधिर कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोनेक तासांनी कूस बदलणं, हेही तिथं उपचाराइतकंच मोलाचं.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक पटकावलं!

आणि हो, अपघातग्रस्ताला घाईनं उचलून रिक्षात कोंबू नका. मान-पाठ हलू न देता १०८ला फोन लावा.