स्टॅन आजोबांवरचा संशय

इयरफोन लावले का? मग सुरू करू. आजचा विषय आहे फॅन थिअरी. म्हणजे मालिका अजून चालू असताना प्रेक्षकांनी स्वतःच लावलेला रहस्याचा छडा. उदाहरण घेतलंय 'ग्रॅव्हिटी फॉल्स'चं. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी हा भाग सेव्ह करून ठेवा, कारण मी शेवटापर्यंतचं सगळं फोडणार आहे.

ज्यांना विसर पडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅलेक्स हर्श यांनी बनवलेली ही डिस्नेची अ‍ॅनिमेटेड मालिका. जून २०१२ मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली, भाग एकूण ४०. डिपर आणि मेबल ही १२ वर्षांची जुळी भावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलत आजोबांकडे राहायला येतात. आजोबांचं नाव स्टॅन. धंदा काय, तर 'मिस्ट्री शॅक' नावाच्या घरात बनावट चमत्कारिक वस्तू मांडायच्या आणि पर्यटकांचे खिसे हलके करायचे. पहिल्याच भागात डिपरला जंगलात एक डायरी सापडते. वर सहा बोटांचा सोनेरी पंजा आणि ३ हा आकडा. लिहिणाऱ्याचं नाव नाही. झालं! तिथून पुढे सगळ्या फॅन लोकांच्या डोक्यात दोनच प्रश्न: डायरी कोणी लिहिली? आणि हा स्टॅन नक्की आहे तरी कोण?

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला सगळ्यात आधी भावले ते सांकेतिक संदेश. प्रत्येक भागाच्या शेवटी अक्षरांची किंवा आकड्यांची एक ओळ येते. सुरुवातीचा कोड साधा, प्रत्येक अक्षर तीन घरं मागे सरकवायचं. डी असेल तर ए वाचायचं. याला सीझर सायफर म्हणतात. किल्ली कुठे लपवली होती माहितीये? सुरुवातीच्या संगीताच्या शेवटी एक कुजबुज आहे, ती उलटी वाजवली की 'तीन अक्षरं मागे' असं ऐकू येतं. पुढे ए च्या जागी झेड, मग अक्षरांच्या जागी आकडे, असं कोड अवघड होत गेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून मालिका सांगत होती, की बसून पाहू नका, शोधा.

आणि लोकांनी शोधलं. एका भागात घरातली एक बंद खोली उघडते. तिथे एक चष्मा पडलेला असतो, तो स्टॅन गुपचूप उचलतो. सगळे त्याला स्टॅनफर्ड समजतात, पण गाडीच्या नंबर प्लेटवर एस-टी-एन-एल-वाय-एम-बी-एल. म्हणजे स्टॅन्ली-मोबिल! आता मालिकेचे नायकच जुळे. मग काही जणांनी थिअरी मांडली: स्टॅनलाही जुळा भाऊ आहे, आणि डायरी त्यानेच लिहिली.

थिअरी बरोबर होती. हर्श यांची पंचाईत झाली. मग २०१३ मध्ये त्यांनी काय करावं? एका स्क्रीनचा फोटो नाव न सांगता फोरचॅनवर टाकला, त्यात गावातला वेडसर म्हातारा मॅकगकेट डायरी लिहितोय. मग ट्विटरवर चिडल्याचं ट्वीट केलं आणि थोड्या वेळात ते काढूनही टाकलं, जणू फोटो खरंच फुटला. लोकांना वाटलं, सापडला लेखक! नंतर हर्श यांनीच सांगितलं की फोटो बनावट होता, फॅन लोकांची दिशा चुकवण्यासाठी.

इथे थांबा जरा. जुळ्या भावाच्या थिअरीमागे किती तरी भागांमध्ये विखुरलेले पुरावे होते. मॅकगकेटच्या थिअरीमागे काय होतं? एक फोटो. तरी तो पळाला जास्त. का? कारण 'डिलीट केलाय' म्हटलं की आपल्याला ते खरंच वाटतं! पुढे ऑक्टोबर २०१४ च्या भागात मॅकगकेट हा लेखकाचा फक्त मदतनीस होता हे कळलं, आणि ती थिअरी संपली.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, ती टेस्टच नाही. थिअरीचंही तसंच. काय सापडलं तर मी माझी थिअरी सोडेन, हे आधी सांगता आलं पाहिजे. 'पुरावा नाही, म्हणजे कोणीतरी लपवला' असं म्हणणाऱ्या थिअरीला हरताच येत नाही. आणि जिला हरता येत नाही, तिच्या जिंकण्याला काय अर्थ?

हे घरच्या उदाहरणाने सांगतो. मी मेहकर तालुक्यातला, लोणार आमच्या शेजारी. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. आधीच लॉकडाऊन, त्यात हे. घरच्या ग्रुपवर थिअरींचा पाऊस. कोणी म्हणे प्रलयाची खूण, कोणी म्हणे उल्केतून किरणं निघाली, कोणाला लोणासुराचं रक्त आठवलं. वन विभागाने पाण्याचे नमुने घेतले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली. गंमत म्हणजे, तिथल्या शास्त्रज्ञांचीही पहिली थिअरी वेगळी होती. त्यांना आधी लाल रंगद्रव्य असलेल्या शेवाळाचा संशय होता. तपासल्यावर निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव. उन्हाने पाणी आटलं, क्षार वाढले, हे जीव फोफावले. आणि पुरावा किती सुंदर! पाणी तसंच ठेवलं, जीव तळाशी बसले, वरचं पाणी रंगहीन. रंग पाण्याचा नव्हताच. शेवाळाची थिअरी हरली, आणि ती सोडून द्यायला कोणी का-कू केली नाही. माझ्या मते खरे फॅन ते!

पण तळ्यावर खोटी थिअरी लावली तर तळ्याचं काही बिघडत नाही. माणसावर लावली तर?

मार्च २०१५ चा तो भाग आठवा. सरकारी एजंट स्टॅनला पकडून नेतात. डिपरला घरात खोट्या ओळखपत्रांचा गठ्ठा सापडतो. स्टॅन पाइन्स मेल्याची बातमी असलेलं कात्रण सापडतं. तळघरात एक भयंकर यंत्र सुरू असतं. सगळे पुरावे एकाच बाजूला. डिपर ओरडून सांगतो, यंत्र बंद कर. बटण मेबलच्या हाताशी असतं. ती स्टॅनकडे बघते, आणि बटण सोडून देते. यंत्रातून बाहेर येतो डायरीचा लेखक, स्टॅनचा जुळा भाऊ. म्हातारा तीस वर्षं भावाला परत आणायला धडपडत होता. लबाड होता, खोटं बोलत होता, पण डिपरला वाटलं तो गुन्हा त्याचा नव्हता.

ही कार्टूनमधली गोष्ट झाली. आता आपल्या महाराष्ट्रातली. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजाराच्या दिवशी गावात आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी, फिरस्ती माणसं. अनोळखी चेहरे, वेगळा वेश. जमावाची थिअरी तयारच होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना मारून टाकलं. टोळी वगैरे काही नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही सुगी झाली की गोसावी येतात, वासुदेव येतो, नाथजोगी येतात. आजी सुपातून धान्य घालते, आपण मात्र मोबाईल काढून व्हिडिओ करतो: 'हा माणूस गावात फिरतोय, सावध राहा.' भाऊ, ही पण थिअरीच आहे. पुरावा काय? अनोळखी आहे, एवढाच.

मेबलसारखा डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. तिच्या बाजूने मालिकेचा लेखक होता, आपल्या बाजूने कोणी नसतो. शंका आली तर ११२ ला फोन करा, पोलिसांना तपासू द्या. जसं पाणी प्रयोगशाळेत गेलं, तसं. स्टॅनची थिअरी चुकली असती तर पुढच्या भागात दुरुस्त झाली असती. राईनपाड्याला पुढचा भाग नव्हता.

तर थिअरी करा, बिनधास्त करा. उलट्या कुजबुजी ऐका, नंबर प्लेट वाचा, रात्री दोन वाजेपर्यंत भांडा. फक्त थिअरीतलं पात्र हाडामांसाचं असेल, तर फॉरवर्डवर बोट ठेवण्याआधी स्वतःला विचारा: मी चुकलो, हे मला कशावरून कळेल? उत्तर सापडेपर्यंत बोट तिथेच थांबवा.

पुढच्या भागात सायफर स्वतः कसे बनवायचे ते बघू. वही-पेन घेऊन बसा. येतो मग!