टेकडीवरची सायकल



पुण्यात मुंबई-बेंगळुरू महामार्गानं चांदणी चौकाकडून वारज्याकडे यायला लागलं की वाटेत डुक्कर खिंड लागते. खिंड म्हटली की दोन्ही अंगांना डोंगर आलाच. वारजे-कोथरूडच्या या टेकड्यांवर पहाटेपासून माणसांची वर्दळ असते. कुणी चालतं, कुणी पळतं, कुणी दुर्बीण घेऊन पक्षी शोधत असतं. गेल्या काही वर्षांत या गर्दीत जाड टायरच्या सायकली आल्या. रुंद, खाचांचे टायर, पुढे सस्पेन्शन, उतारावरही पकड धरणारे डिस्क ब्रेक. माउंटन बाइक म्हणतात तिला, आणि चालवणारी मुलं नुसतं ‘एमटीबी’ म्हणतात. ही सायकल डांबरी रस्त्यासाठी बनलेलीच नाही. तिला पायवाट हवी, चढ हवा, दगड हवेत. पायवाट अनेकदा असते वनखात्याच्या किंवा महापालिकेच्या ताब्यातल्या जमिनीवर, आणि तिथे फाटक असतं, फलक असतो, राखणदार असतो. सायकल आत न्यायची की नाही, हा आजचा विषय.

वारज्यात या प्रश्नाला एक खास बाजू आहे. इथलं नगरवन देशभर गाजलेलं आहे. एके काळी उजाड असलेल्या सुमारे ४० एकर डोंगरजमिनीवर वनविभागानं ‘टेर पॉलिसी सेंटर’ या संस्थेला आणि काही कंपन्यांना सोबत घेऊन झाडं लावली. पाच तळी झाली, दोन निरीक्षण मनोरे उभे राहिले. ५ जून २०२० रोजी, पर्यावरणदिनी, केंद्र सरकारनं देशातल्या २०० शहरांसाठी नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचंच नाव घेतलं. ६५ हजारांहून अधिक झाडं, २९ जातींचे पक्षी, १५ जातींची फुलपाखरं असे आकडे त्या वेळी सांगितले गेले. हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. कुणीतरी खड्डे खणले, पाणी घातलं, गुरं आणि वणवा दोन्ही आवरले. अशा ठिकाणचा राखणदार चाक बघून कपाळाला आठी घालतो, त्याचा मला राग येत नाही.

मात्र टेकडी म्हणजे फक्त नगरवन नव्हे, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. १९९७ साली वारज्यासह आसपासची गावं पुणे महापालिकेत आली. त्यांतल्या २३ गावांच्या टेकड्यांवर पुढे जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे सगळे ज्याला ‘बीडीपी’ म्हणतात त्याचं, आरक्षण पडलं. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. त्यातली बरीच जमीन आजही खासगी मालकीची आहे. पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द सुरू होते, तिथे तर परवानगीशिवाय पाऊलही ठेवता येत नाही. म्हणजे सायकलवाला सकाळी एक चढ चढून दुसरीकडे उतरेपर्यंत वनखातं, खासगी मालक आणि संरक्षण खातं अशा तिघांच्या दारावरून जाऊ शकतो. पायवाटेला यातलं काही ठाऊक नसतं. ती गुराख्यांनी पाडलेली असते, सातबारा बघून नव्हे.

आता कायदा. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या २६व्या कलमानुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे, मग पायी शिरा नाही तर चाकावर. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो आणि प्रवेशासाठी परवाना लागतो. शहरालगतच्या टेकड्यांवर आपण रोज फिरतो ते खात्यानं वेळा ठरवून मोकळीक दिली आहे म्हणून. ती मोकळीक चालणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहे, सायकलचा विचार त्यात क्वचितच झालेला असतो. फलकावर ‘वाहनांना प्रवेश बंद’ लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या हिशेबात सायकल मोटार वाहन नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी बॅटरीची सायकलसुद्धा नाही. उलट महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधली वाहनाची व्याख्या सायकललाच काय, विमानालाही पोटात घेते! त्यामुळे फाटकावर जो उभा असेल, त्याच्या मनावर सगळं अवलंबून. सोमवारी सोडलं, मंगळवारी अडवलं.

अडवण्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच सांगितलं जातं, चाकानं माती धुपते. हे खरं आहे का? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी या अभ्यासकांनी १९९४ साली पायी चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची डोंगरवाटांवर तुलना केली. ओल्या वाटेवर खुरांनी आणि पायांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. कॅनडात थर्स्टन आणि रीडर यांनी २००१ मध्ये वाटेवरच्या झाडोऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा चालणारा आणि सायकलवाला यांनी केलेलं नुकसान जवळपास सारखंच भरलं. सायकलवाले हे दोन अभ्यास हौसेनं सांगतात. सांगावेतच. पण आपली टेकडी म्हणजे मोंटाना नव्हे. इथे काळ्या कातळावर वीतभर मुरूम आणि माती असते, कधी तेवढीही नसते. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. पायाचे ठसे सुटे सुटे पडतात. चाक मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक सलग रेघ ओढतं. ब्रेक दाबून मागचं चाक घसटत नेलं तर ती रेघ खोल जाते. पहिल्या जोरदार सरीत पाणी तीच वाट धरतं, आणि दोन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. मग सायकलवाला ओहोळ टाळायला बाजूनं जातो, वाट रुंदावते, शेजारचं गवत मरतं. चालणारेही हेच करतात. फरक इतकाच की सायकल एका सकाळी तीच वाट अनेकदा उतरते.

आणखी एक गोष्ट मातीइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तीही ऐन उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर. टिटवीची अंडी खड्यांत मिसळून जातात, हात टेकवण्याइतकं जवळ गेलं तरी दिसत नाहीत. ठरलेल्या वाटेवरून जाणारी सायकल त्यांना फारसा त्रास देत नाही. गवतातून नवी ‘लाइन’ काढणारी सायकल मात्र घरटं चिरडून जाते, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

चालणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते. सत्तरीचे आजोबा काठी टेकत उतरताहेत, मागून आवाज न करता सायकल येते आणि खांद्याजवळून निघून जाते. पडले नाहीत तरी दुसऱ्या दिवशी ते टेकडीवर येत नाहीत. ‘आम्ही घंटी वाजवतो’ हे त्यावरचं उत्तर पुरेसं नाही. उतारावर चालणाऱ्याला बाजूला व्हायला जागाच नसते.

जिथे हा खेळ जन्मला, तिथेही हीच भांडणं झाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, माउंट तमालपायसच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतारावरून शर्यती लावत. पुढे त्याच डोंगरावर अरुंद वाटांवर सायकलला मज्जाव झाला. वणव्यासाठी काढलेल्या रुंद रस्त्यांवर सायकल चालते, तीही ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि आंधळ्या वळणावर त्याहून हळू. इंग्लंडनं १९६८ मध्ये निराळी तोड काढली. नुसत्या पायवाटेवर सायकलला हक्क नाही, पण घोडेवाटेवर आहे, तिथे चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. स्कॉटलंडनं २००३ मध्ये मोकळीकच दिली, पण जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर. पहिल्या दोन ठिकाणी नियम वाट बघून केलेला आहे, तिसऱ्या ठिकाणी वागणूक बघून. आपल्याकडे तो फाटक बघून होतो.

संपूर्ण बंदी मला पटत नाही. १९९६ पासून माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आहे. २०२३ साली या खेळाची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच देशात, केरळातल्या पोनमुडीला झाली. संगमनेरची प्रणिता सोमण हिच्यासारखी मराठी मुलगी या खेळात राष्ट्रीय पातळीवर पोहोचते. ही मुलं सराव करणार कुठे? महामार्गाच्या सेवारस्त्यावर, कंटेनरच्या शेजारी? बंदी घातली की सायकली थांबत नाहीत. कुंपणाच्या भगदाडातून आत शिरतात, आणि मग त्यांना कुठली वाट टाळायची हेही कुणी सांगत नाही.

तितकीच सरसकट मोकळीकही नको. नगरवनातल्या तरुण रोपांमध्ये सायकलचं काही काम नाही, हे मी सायकलवाल्यांच्या तोंडावर सांगेन. जून ते सप्टेंबर मातीच्या वाटा चाकांसाठी पूर्ण बंद असाव्यात, आणि पाऊस थांबल्यावरही वाट वाळेपर्यंत थांबावं. उरलेले महिने प्रत्येक टेकडीवर एखादी आधीच रुंद झालेली, खात्याची जीप जाते तशी वाट सायकलला द्यावी. तिच्यावर आडवे दगडी बांध घालून पाणी ठिकठिकाणी बाजूला काढावं. हे काम सायकलवाल्यांनी श्रमदानानं करावं, कारण वाट बिघडवण्यात त्यांचाही वाटा आहे. सकाळची गर्दीची वेळ चालणाऱ्यांसाठी राखावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, महापालिकेच्या उद्यानांसाठी उद्यान विभागाकडे. सोबत नकाशा जोडावा, हवी ती एकच वाट रंगवावी, आणि पावसाळ्यात ती बंद ठेवण्याचं वेळापत्रक आपणच लिहून द्यावं. एकेकट्यानं फाटकावर हुज्जत घालण्यापेक्षा वारज्यातल्या सायकल गटांनी आणि सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळांनी अशा अर्जावर एकत्र सह्या केल्या, तर अधिकाऱ्यालाही होकार देणं सोपं जाईल. पावसाळ्यानंतर खातं वाटांची डागडुजी काढतं, त्याआधी अर्ज पोहोचला तर बरं.