पेट्रोलची नळी : काटकसर कुठे करावी?



घरातली जुनी मारुती 800 मोडीत काढायला अनेकांचं मन तयार होत नाही. मग कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय इंजिन बसवायचं ठरतं. अशी मंडळी माझ्या गॅरेजमध्ये येतात. रंग, सीट, चाकं यांवर तासभर बोलतात आणि जाता जाता सांगतात, "पेट्रोलचा पाईप तेवढा स्वस्तातला टाका." आज त्या पाईपाविषयीच थोडं बोलतो.

सुरुवात कागदापासून. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मर्जीनं बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. तेव्हा कागद आधी, पाना नंतर.

आता मूळ मुद्दा. कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचवणारा पंप दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाव किलो दाब देतो. एमपीएफआयचा पंप साधारण तीन किलो देतो, म्हणजे दहा-बारा पट. जुन्या नळीला चीर असेल तर पूर्वी पेट्रोल थेंबथेंब गळायचं. आता त्याच चिरेतून बारीक फवारा उडतो, आणि शेजारीच एक्झॉस्टचा तापलेला पाईप असतो. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेईल इतकी वाफ सोडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्याची मग गोष्टच नको.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या प्रकारचं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. म्हणून दुकानात "पेट्रोल पाईप द्या" एवढं सांगून भागत नाही. नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे30 आर6 किंवा आर7 असेल तर ती कमी दाबाची, कार्ब्युरेटरसाठी. इंजेक्शनसाठी आर9 मागा. तिच्या आतला थर इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लोरो रबराचा असतो. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला मात्र आर10 च हवी. बाकीच्या नळ्या आतून टिकतात, पण बाहेरून विरघळू लागतात. रेडिएटरच्या पाण्याची नळी किंवा मीटरनं मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी कितीही जाड दिसली तरी इथे लावू नका.

मग काटकसर करायची कुठे? लांबीत! आर9 नळी महाग असते, पण ती लागते फक्त दोन टोकांना : टाकीपाशी आणि इंजिनपाशी, जिथे हादरे बसतात. मधला गाडीखालचा लांब पल्ला गंज न लागलेल्या मूळ पोलादी नळीनं किंवा नव्या मुलामा दिलेल्या पोलादी नळीनं पार करा. हे स्वस्त पडतं आणि जास्त सुरक्षितही असतं. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून अनेकजण वापरतात. पण हादऱ्यांनी तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. पोलादी नळीच्या टोकाला उभारलेली कड हवी, म्हणजे रबर घसरत नाही. क्लिप गुळगुळीत कडेची, सगळीकडून सारखी आवळणारी घ्या. भोकाभोकांची पट्टी रबर कापते. पत्र्यातून नळी जाते तिथे रबरी वॉशर बसवा. फिल्टरही इंजेक्शनचाच हवा. स्कूटरचा प्लॅस्टिक फिल्टर तीन किलोला टिकणार नाही.

एक गोष्ट नळीची नाही, पण तिच्याशी जोडलेली आहे. काहीजण पंपाची वायर थेट चावीच्या स्विचला जोडतात. अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहतो आणि तुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. इंजिन थांबताच पंप बंद करणारा रिले अवश्य बसवून घ्या.

काम झालं की इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा फिरवा, दाब येऊ द्या आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहा. कागद ओला झाला तर गाडी हलवू नका. आठवड्यानं पुन्हा पाहा, आणि नंतर दरवर्षी. पावडरचा छोटा अग्निशामक सीटखाली असू द्या.

रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. नळी मात्र आजच नीट घाला.