विस्थापिताचे मन आणि नवे गाव
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



दुष्काळात गाव सोडणे आपल्या सांगोल्याला नवे नाही. पण पाऊस पडला की परतता येते. युद्ध वा फाळणीने परतीची वाटच बंद होते, तेव्हा निर्वासिताचे मन परक्या गावात कशाने रुजते, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

उदाहरणे दूरची नाहीत. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या या लोकांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. छावणीत त्यांनी स्वतःच्या शाळा, चर्च आणि नाट्यप्रयोग चालविले. उपासमार व मृत्यू पाहिलेल्या मुलांना ठरलेला दिनक्रम आणि मातृभाषा लाभली. भेदरलेल्या मनाला असा नियमितपणाच प्रथम आधार देतो.

वळिवड्याचे वास्तव्य तात्पुरते होते. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांचे कायमचे. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शिधा पोट भरतो. स्वाभिमान मात्र स्वकष्टाच्या कमाईने परत येतो. व्यापार व लघुउद्योगांतून त्यांनी तो मिळविला. नव्या प्रांताशी व्यवहार जोडताना त्यांनी आपली भाषा सोडली नाही. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. जुने विसरल्याखेरीज माणूस नव्यात मिसळत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

अर्थात, सारा भार निर्वासितावर टाकणे अन्यायाचे आहे. यजमान समाजाचा संशय आणि भवितव्याची अनिश्चितता या गोष्टी जखम भरू देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त प्रदेशांतील सुमारे २२ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. हे दुःख अनेकदा निद्रानाश, डोकेदुखी वा छातीतील धडधड या रूपाने दवाखान्यात येते.

अशा रुग्णाला गतकाळ सांगण्याची सक्ती करू नये. तो बोलू लागला तर मात्र शांतपणे ऐकावे. त्याची भाषा जाणणारा कोणी शोधावा, आप्तांशी संपर्क साधून द्यावा आणि पुढील तपासणीची निश्चित तारीख सांगावी. औषधाइतकेच हेही उपचार आहेत. आपल्या देणगीतून खाट व औषध मिळते; त्याला आपुलकीची जोड मिळाली तर घर गमावलेल्या माणसाला नवे गाव आपले वाटू लागेल.