हापूस, थंडी आणि न दिसणारं मळभ

आजचा विषय आहे जागतिक तापमानवाढ. हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर हिमनगावरचं पांढरं अस्वल येतं आणि बोट आपोआप 'स्किप'कडे जातं, मला माहितीये. पण मी रत्नागिरीतून बोलतोय, आणि इथे हा विषय अस्वलाचा नाही, आंब्याचा आहे.

हापूसचं कलम मोहोरायच्या आधी थंडीची वाट बघतं. पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सरली की त्याला गार रात्री लागतात. एखाद-दुसरी नाही, सलग काही आठवडे. त्या मिळाल्या की पालवी जून होते, वाढ थांबते आणि काडीच्या टोकाला मोहोर फुटतो. नाही मिळाल्या की तिथेच पुन्हा कोवळी पालवी येते, आणि मग त्या काडीवर आंबा उशिरा, नाहीतर नाहीच. बरं, थंडी नको तेवढी रेंगाळली तरी पंचाईत. झाडाला पुनर्मोहोर येतो, झाडाचं अन्न तिकडे जातं आणि आधी धरलेली सुपारीएवढी कैरी गळून पडते. इतकं लाडावलेलं झाड आहे हे. त्यामुळे 'एक-दीड अंशाने काय होतंय' असं कुणी म्हणालं की मला बागायतदारांची आठवण येते. त्यांचं वर्षाचं उत्पन्न अशाच दोन-चार अंशांवर टांगलेलं असतं.

आता हे तापतंय कशामुळे? त्यासाठी कोकणातला साधा अनुभव पुरेसा आहे. ज्या रात्री आभाळ निरभ्र, त्या रात्री थंडी पडते. मळभ असेल तर नाही. कारण दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते, आणि ढग ती अडवून परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड तेच करतो, फक्त तो दिसत नाही. शिवाय ढग दिवसा ऊन तरी अडवतात, हा ऊन खुशाल खाली येऊ देतो आणि परतीची उष्णता तेवढी अडवतो. म्हणजे हे न दिसणारं, कधीच न हटणारं मळभ. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत याचे साधारण २८० भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. आणि एकदा वर गेलेल्यातला बराचसा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो.

तो येतो कुठून, तर मुख्यतः कोळसा, तेल आणि गॅस जाळून. त्याखालोखाल जंगलतोड. लांब कशाला जायचं, आपल्या जयगडलाच १२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. मी ज्या लॅपटॉपवर हे रेकॉर्ड करतोय त्याची वीजही महाराष्ट्रात बहुतेक कोळशाचीच. पण हेही सांगायला हवं की भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकेतला चौदाच्या आसपास. मळभ सगळ्यांनी मिळून केलंय, पण सारखं नाही.

मोहोराच्या काळात हवा ढगाळ राहिली की तुडतुडे आणि भुरी येते, फवारण्या वाढतात, खर्च वाढतो. ते निभावलं तर मार्च-एप्रिलचा उन्हाळा. साका माहितीये ना? बाहेरून देखणा, कापला की आत पांढुरकं, स्पंजासारखं. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, हे त्याचं एक मोठं कारण. आणि आपल्या बागा कशावर आहेत? जांभ्याच्या कातळावर. तो तापला की तव्यासारखा.

मग समुद्र. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. पाणी तापलं की वादळाला इंधन मिळतं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, दापोली-मंडणगडकडे पिढ्यान्पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी १६ मेला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तर आंबा झाडावरच होता.

आता उपाय. बागायतदाराकडे एक उपाय कधीपासून आहे, कल्टार. पावसाळ्यात बुंध्याभोवती घालतात. ते झाडातलं वाढ करणारं संप्रेरक दाबतं आणि झाड मोहोराकडे वळतं. म्हणजे थंडीचं थोडंफार काम आपण बाटलीकडून करून घेतोय. मी त्याच्या विरोधात नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे, प्रमाणात वापरलं तर चालतं. पण बाटली एप्रिलची धग कमी करत नाही.

धगेसाठी गवत आहे. बागेत गवताचं आच्छादन ठेवलं तर जमीन कमी तापते आणि साका कमी होतो. फळ पूर्ण तयार होऊ न देता चौदा आण्याला उतरवलं तरी फरक पडतो. आणि आपण काय करतो? सड्यावरचं तेच गवत जाळतो. दरवर्षी वणवे लागतात आणि आंब्या-काजूच्या बागा जळतात. हे मात्र मला अजिबात समजत नाही. ह्यात अमेरिकेचा काही संबंध नाही, हे थांबवायला गावची एक सभा पुरते.

दुसरं, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढलाय, १९८१ पासून उपलब्ध आहे, त्याला साका होत नाही. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं.

हे सगळे सोसण्याचे उपाय झाले. मूळ कारणावरचा उपाय एकच, कोळसा-तेल जाळणं कमी करणं. घरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर वर्षाला साडेतीन हजार युनिट धरा. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साडेतीन टन वाचले, एका भारतीयाच्या वर्षाच्या वाट्यापेक्षा जास्त. केंद्राच्या सूर्यघर योजनेत याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पाच जूनला रोप लावून सेल्फी काढणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. रोप लावाच, पण ते जगलं तरी साडेतीन टन शोषायला त्याला कित्येक वर्षं लागतील.

शेवटचं, आणि हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून मागतोय. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी जुन्या दैनंदिन्यांमधून बाराशे वर्षं मागे जातात. म्हणून २०२१ मध्ये ते ठामपणे सांगू शकले की २६ मार्चचा बहर इतक्या शतकांतला सगळ्यात लवकरचा आहे. आपल्याकडे अशा नोंदी घरोघरी पडून असणार. पहिला मोहोर कधी दिसला, पहिली पेटी वाशीला कधी गेली, आजोबांच्या वहीत, दलालाच्या पावत्यांवर तारखा असतात. त्या शोधा, मोबाईलवर फोटो काढा आणि गावाच्या नावासह मला पाठवा. पावसाळ्याआधी पाठवलंत तर बरं, ओल लागली की शाई फुटते.