मशीनच्या आधी वायरिंग



जालन्याच्या सळईच्या कारखान्यांमुळे लोखंडकाम आपल्या जिल्ह्याला नवं नाही. गावातही ट्रॉलीचा फाळका, कोळप्याची पास, खिडकीची ग्रिल असं वेल्डिंगचं काम बारा महिने निघतं. म्हणून गटात मागणी येते, “मुलानं आयटीआय केलंय, अंगणातल्या शेडमध्ये मशीन टाकायचंय, कर्ज द्या.” अर्जात मशीनची किंमत असते, वायरिंगचा खर्च नसतो. आम्ही आता तोच आधी विचारतो.

पहिली गोष्ट. मशीनवर २०० लिहिलेलं असतं, ते रॉडकडे जाणारे अँपिअर. घरातून किती वीज ओढणार, ते मशीनच्या पाटीवर ‘इनपुट’समोर वाचा. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पूर्ण जोरात चालवलं, तर सिंगल फेजवर ३० अँपिअर किंवा जास्तही ओढतं. घरातला मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा. तो तापतो, वितळतो, आणि आग लागते ती अशीच.

दुसरी गोष्ट. मेन बोर्डापासून शेडपर्यंत मशीनची लाइन वेगळी घ्या. एवढ्या भाराला तांब्याची निदान ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि तिला साजेसा एमसीबी लागतो. शेड शंभर फुटांवर असेल, तर २५ अँपिअरला २.५ची वायर तेरा-चौदा व्होल्ट वाटेतच खाते, ६ची साधारण साडेपाच. व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो आणि काम कच्चं होतं. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवू नका. तो वायर वाचवण्यासाठी असतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. शेड पत्र्याची, खांब लोखंडी. वायर कुठे सोलली, तर अख्ख्या शेडमध्ये करंट उतरतो. त्याच शेडला आपण ओली साडी वाळत घालतो, लेकरं तिथंच खेळतात. म्हणून अर्थिंगचा खड्डा हवा, आणि माणसाला वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंग कोरडं पडतं. खड्ड्यात पाणी घालत राहा.

चौथी गोष्ट. शेतीपंपाच्या लाइनवर मशीन चालवू नका, आकडा तर नाहीच. वीज कायदा २००३च्या कलम १२६ नुसार, मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर दुप्पट दरानं आकारणी होते. आकडा म्हणजे चोरी, तिथं कलम १३५ लागतं. आधी बिलावरचा मंजूर भार बघा. मग महावितरणच्या कार्यालयात जाऊन भार वाढवायचा, की धंद्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यायचं, ते विचारा. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करा आणि त्याचा चाचणी अहवाल घ्या.

हा खर्च जास्त वाटेल. पण शेड जळालं तर हप्ता थांबत नाही, तो गटातल्या सगळ्याजणींवर येतो. आणि माणूस गेला तर कुठलंच कर्ज त्याला परत आणत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत मागणी करणाऱ्या ताईंनी तीन गोष्टी आणाव्यात : मशीनच्या पाटीचा फोटो, मीटरपासून शेडपर्यंतचं मोजलेलं अंतर आणि ठेकेदाराचा लेखी अंदाज. मशीन आणि वायरिंग, दोन्ही धरून एकच कर्ज मंजूर करा. पैसे कमी पडत असतील तर मशीन लहान घ्या, वायर बारीक घेऊ नका.